असेंब्ली भाषेची पाठ्यपुस्तके : निकाल वाचकाला कोठे दिसतो?

प्रास्ताविक

संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांत असेंब्ली भाषेला दीर्घकाळ स्थान मिळालेले आहे. या विषयावरील ग्रंथांची नावे अभ्यासपत्रिकेच्या शेवटी 'संदर्भग्रंथ' म्हणून छापली जातात, ग्रंथालयात त्यांच्या प्रती येतात आणि तेथेच त्यांचा विचार थांबतो. एखादी कादंबरी किंवा आत्मचरित्र अभ्यासक्रमाला लावताना भाषेच्या अभ्यासमंडळात जेवढी चर्चा होते, तेवढी तांत्रिक पाठ्यपुस्तकाच्या वाट्याला येत नाही. वास्तविक पाठ्यपुस्तक हीदेखील एक संहिताच आहे. तिला निवेदक असतो, तिने गृहीत धरलेला एक वाचक असतो, आणि काय सांगावे व काय तूर्त झाकून ठेवावे याविषयी लेखकाने केलेली निवडही असते. प्रस्तुत लेखात असेंब्ली भाषेच्या काही प्रसिद्ध ग्रंथांची व साधनांची याच दृष्टीने चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. उपलब्ध असलेल्या सर्व साहित्याचा आढावा घेणे हा येथे हेतू नाही.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रोसेसरला केवळ अंक कळतात. प्रत्येक अंकी आज्ञेला माणसाच्या लक्षात राहील असे एक लघुनाम दिले, की असेंब्ली भाषा तयार होते. सी किंवा जावा भाषेतील एक ओळ म्हणजे प्रोसेसरच्या अनेक आज्ञा असू शकतात. असेंब्लीतील एक ओळ म्हणजे बहुधा एकच आज्ञा. म्हणून ही भाषा शिकणे म्हणजे यंत्राची अवस्था पावलापावलाने बदलत असताना ती पाहणे होय.

आज संपूर्ण प्रोग्रॅम असेंब्लीत लिहिण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. मग हा विषय ठेवावा कशासाठी, असा प्रश्न अभ्यासमंडळांत उपस्थित होतो आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी उघड केलेल्या एका दोषात सापडते. क्रमवार यादीतील मधला घटक शोधण्यासाठी खालचा व वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागावे, हे आपण सर्वच फळ्यावर लिहितो. जावाच्या प्रमाणित ग्रंथालयात नेमके हेच केलेले होते. यादी फार मोठी असली की त्या दोन क्रमांकांची बेरीज ३२ बिटांच्या मर्यादेबाहेर जाऊन चिन्हाच्या बिटात सांडत असे आणि उत्तर ऋण येत असे. हा दोष त्या ग्रंथालयात सुमारे नऊ वर्षे राहिला. गणिताच्या दृष्टीने सूत्र निर्दोष होते. चूक होती ती ज्या पेटीत उत्तर ठेवायचे त्या पेटीच्या मापाची. ती पेटी ज्याने कधी पाहिली नाही त्याला असा दोष सुचणे अवघड, आणि ती दाखविणे हे असेंब्लीच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले काम आहे. त्यामुळे ही पुस्तके पारखण्यासाठी मी एकच साधा प्रश्न घेतला आहे : पुस्तकातील पहिल्या प्रोग्रॅमचा निकाल वाचकाला कोठे दिसतो?

गावकर यांचा ग्रंथ

रमेश गावकर यांचा ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवरील ग्रंथ आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत या विषयाचा पर्यायवाची शब्दच होऊन बसला आहे. लेखक अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज येथील ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजात अध्यापन करीत. ग्रंथाची पहिली आवृत्ती १९८४ साली निघाली आणि मुंबईच्या पेनराम इंटरनॅशनलने भारतीय आवृत्ती काढल्यामुळे तो आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आला. ज्या प्रोसेसरवर तो आहे तो इंटेल कंपनीने १९७६ साली आणला : ८ बिटांचा, ६४ किलोबाइट स्मृतीपर्यंत पोहोचणारा, चाळीस पिनांचा.

गावकरांचा पहिला प्रोग्रॅम असा आहे : ए रजिस्टरमध्ये ३२एच हा षोडशमान अंक ठेवा, बी रजिस्टरमध्ये ४८एच ठेवा, दोन्हींची बेरीज करा, ती ०१ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवा आणि थांबा. पाच आज्ञा, आठ बाइट : ३ई, ३२, ०६, ४८, ८०, डी३, ०१, ७६. उत्तर ७एएच, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ५० अधिक ७२ बरोबर १२२. हे उत्तर पोर्टला जोडलेल्या आठ दिव्यांवर दिसते. पेटलेला दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. येथे कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये नाही, छपाईची तयार सोय नाही, कोणी मध्यस्थ नाही. बेरीज झाली आणि ती तारांवरून बाहेर आली. पहिल्याच प्रोग्रॅममध्ये इतका प्रामाणिक निकाल अन्य कोणत्याही पुस्तकात मला आढळला नाही.

हा प्रामाणिकपणा अपघाती नव्हे. ग्रंथाचा पहिला भाग यंत्ररचनेला वाहिलेला आहे, प्रोग्रॅमिंग दुसऱ्या भागात येते व बाह्य उपकरणे तिसऱ्या भागात. आज्ञा शिकविताना लेखक तिला लागणारा काळही सांगतो. वरील प्रोग्रॅममध्ये थांबण्याच्या आज्ञेपूर्वी सात, सात, चार व दहा असे एकूण अठ्ठावीस घड्याळठोके लागतात. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचे असेल तर सुमारे ९.३ मायक्रोसेकंद. विद्यार्थी हा हिशेब कागदावर करू शकतो व तो खरा ठरतो. आधुनिक प्रोसेसरमध्ये एकाच वेळी अनेक आज्ञा चालतात, त्यांचा क्रमही आतल्या आत बदलतो, आणि हवे ते स्मृतीतून कोठल्या थरातून येईल यावर वेळ अवलंबून असतो. तेथे असा कागदी हिशेब शक्य नाही. ८०८५ जुना झाला आहे हे खरेच; परंतु ज्या यंत्रात काळ मोजता येतो असे यंत्र शिक्षकाला सहसा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

मग या ग्रंथाच्या आधारे शिकविलेला विषय इतका निष्प्राण का होतो? उत्तर ग्रंथात नाही, आपल्या उपयोगात आहे. किटवर ०१ या पत्त्याला दिवे जोडलेले असतातच असे नाही. म्हणून पोर्टऐवजी निकाल स्मृतीच्या एखाद्या पत्त्यावर ठेवण्याचा रिवाज पडतो आणि पुस्तकाचा गाभाच निघून जातो. पुढे तक्त्यातून आज्ञांचे अंक शोधून किटच्या कळा दाबणे हेच प्रात्यक्षिक होऊन बसते. एक कळ चुकली की संपूर्ण आकडेमोड फसते व कोठे फसली ते कळत नाही. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तोंडी परीक्षेत 'एमव्हीआय ए चा ऑपकोड सांगा' असा प्रश्न विचारला जातो आणि '३ई' हे उत्तर पाठ असणारा विद्यार्थी हुशार ठरतो. हे म्हणजे शब्दकोशातील पृष्ठांक पाठ असणाऱ्याला भाषापंडित म्हणण्यासारखे आहे. तक्त्यात पाहून मिळणारी गोष्ट पाठ करण्याचा आग्रह गावकर धरीत नाहीत. तो आपण धरला.

हातचा : एक भाषिक निरीक्षण

या विषयाच्या इंग्रजी परिभाषेतील एक शब्द मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विनाकारण परका वाटतो. बेरीज पेटीबाहेर गेली की 'कॅरी' नावाचा ध्वज उभा राहतो. 'सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक' हे ज्याने प्राथमिक शाळेत म्हटले आहे त्याला ही संकल्पना नव्याने शिकवावी लागत नाही. कॅरी म्हणजे हातचा. फरक इतकाच की येथे तो आठव्या बिटानंतर निघतो आणि वहीच्या कडेला न लिहिता प्रोसेसरच्या एका विशिष्ट बिटात जपला जातो. वजाबाकीत तोच ध्वज उसना घेतल्याची खूण होतो. 'रजिस्टर' या शब्दाबाबत उलट अडचण येते, कारण आपल्याकडे तो हजेरीच्या वहीला रूढ आहे; 'स्टॅक'ला 'चळत' हा अस्सल शब्द तयार असून आपण तो वापरीत नाही. परिभाषा सरसकट मराठीत आणावी असा माझा आग्रह नाही. परंतु जेथे मराठी शब्दामागे विद्यार्थ्याचा अनुभव उभा आहे तेथे तो शब्द टाळणे हे अध्यापनाचे नुकसान आहे.

८०८५ मध्ये आणखी एक हातचा आहे, तो बाइटच्या मध्यावर निघतो. कोणत्याही सशर्त उडीच्या आज्ञेने तो तपासता येत नाही, त्यामुळे तो असतोच कशाला, असे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो. ३९ आणि ४८ हे दशमान अंक प्रत्येकी एका बाइटमध्ये आकड्यागणिक मांडून मिळविले तर यंत्र ८१ असे उत्तर देते. दिसायला ते निर्दोष आहे, पण चूक आहे. नऊ आणि आठ मिळविताना मधून हातचा गेलेला असतो. दशमान दुरुस्तीची डीएए ही आज्ञा तो मधला हातचा पाहून सहा मिळविते आणि ८७ हे खरे उत्तर देते. हे एकच उदाहरण फळ्यावर सावकाश सोडविले तर ध्वजांवरील संपूर्ण प्रकरणाचे काम होते. परीक्षेत मात्र 'ध्वजांची आकृती काढून वर्णन करा' एवढेच येते.

मध्यस्थ असलेली पुस्तके

वैयक्तिक संगणकासाठी लिहिलेल्या पुस्तकांपुढे निराळी अडचण आहे. तेथे पडद्यावर एक अंक उमटविणे हीच मोठी मजल असते, कारण अंकाचे अक्षरांत रूपांतर करून ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करावी लागते. प्रत्येक लेखक ही अडचण निराळ्या रीतीने टाळतो आणि त्या टाळण्यातच त्याची भूमिका प्रकट होते.

किप अर्व्हाइन हे आपल्याबरोबर स्वतःचे एक ग्रंथालय देतात. त्यांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांतील आरंभीचा प्रोग्रॅम १००००एच मध्ये ४००००एच मिळवितो, २००००एच वजा करतो आणि 'डम्परेग्ज' या उपक्रियेला हाक मारतो. ती सर्व रजिस्टरे व ध्वज पडद्यावर मांडते. या ग्रंथालयामुळे विद्यार्थी आयते खायला शिकतो, असा आक्षेप घेता येईल. मला तो पूर्णतः मान्य नाही. डम्परेग्ज आत काय करते हे झाकलेले आहे. परंतु ते झाकून जे दाखविले आहे ती यंत्राची अवस्थाच आहे. आक्षेप घ्यायचाच तर तो मायक्रोसॉफ्टचा असेंब्लर व विंडोज यांच्याशी पुस्तकाने घातलेल्या गाठीवर घ्यावा लागेल.

रँडल हाइड यांच्या २००३ साली नो स्टार्च प्रेसने काढलेल्या ग्रंथाची गोष्ट वेगळी. विद्यार्थ्याला उच्चस्तरीय भाषा आधीच येते, तेव्हा तिच्या आधाराने त्याला खाली उतरवावे, या विचाराने त्यांनी 'हाय लेव्हल असेंब्ली' नावाची स्वतःची बोली रचली. त्यांचा पहिला प्रोग्रॅम एका ओळीत पडद्यावर अभिवादन छापतो. वाचकाला आनंद होतो, पण त्याने यंत्रातले काहीच पाहिलेले नसते. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे, संख्यांच्या मांडणीवरील त्याची प्रकरणे आजही वाचावीत अशी आहेत. तथापि शिकलेली बोली पुस्तकाबाहेर क्वचितच कोठे चालते. हाइड यांनी २०२१ मध्ये ६४ बिटी असेंब्लीवर जो नवा ग्रंथ लिहिला त्यात ही बोली बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टचा रूढ असेंब्लर घेतला आहे. जुन्या भूमिकेवरील ही सर्वांत बोलकी टीका खुद्द लेखकाकडूनच आली असे मी मानतो.

जोनाथन बार्टलेट यांचे 'प्रोग्रॅमिंग फ्रॉम द ग्राउंड अप' (२००४) हे मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असलेले पुस्तक गुणवत्तेने या सर्वांत वेगळे आहे. त्यातील पहिला प्रोग्रॅम काहीही करीत नाही. तो फक्त संपतो. दोन रजिस्टरांत दोन अंक ठेवून लिनक्सला 'मी संपलो' असे सांगतो, तीन आज्ञांत. संपताना तो एक अंक मागे ठेवतो आणि टर्मिनलवर तो विचारून पाहता येतो. निकाल दिसण्याची इतकी काटकसरीची जागा शोधून काढणे हा अध्यापनातील प्रतिभेचा भाग आहे. दुसरा प्रोग्रॅम यादीतील सर्वांत मोठा अंक शोधतो व तो २२२ असल्याचे याच मार्गाने कळवितो. यादीत ३०० टाकून पाहा, असे विद्यार्थ्याला सांगावे. उत्तर ४४ येते. मागे ठेवलेल्या अंकाला आठच बिटांची जागा असते, म्हणून तीनशेतून २५६ गळून पडतात. प्रास्ताविकात उल्लेखिलेला पेटीच्या मापाचा धडा येथे दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये हाती लागतो.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते ३२ बिटी लिनक्ससाठी लिहिलेले आहे. आजच्या ६४ बिटी संगणकावर त्यातील अनेक प्रोग्रॅम असेंब्लर व लिंकर यांना ३२ बिटी पद्धतीची स्पष्ट सूचना दिल्याशिवाय जुळत नाहीत, आणि नवशिक्याला हे पुस्तकातून कळण्याचा मार्ग नाही. बार्टलेट यांनी २०२१ मध्ये ६४ बिटी प्रोसेसरसाठी नवे पुस्तक लिहिले, पण ते विनामूल्य नाही. दुसरी अडचण लेखनरीतीची. गावकरांकडे 'कोठे' आधी येते आणि 'काय' नंतर. बार्टलेट जी एटी अँड टी रीत वापरतात तीत 'काय' आधी व 'कोठे' नंतर. ८०८५ शिकून आलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. हा फरक पहिल्या तासालाच सांगावा.

जेफ डंटेमन यांचे 'असेंब्ली लँग्वेज स्टेप-बाय-स्टेप' (लिनक्ससाठी २००९, ६४ बिटी आवृत्ती २०२३) मंगळवासीयांच्या चार या पायावर आधारलेल्या संख्यापद्धतीपासून सुरू होते आणि आज्ञांपर्यंत फार सावकाश पोहोचते. स्वयंअध्ययन करणाऱ्याला हे गप्पिष्ट पुस्तक आवडेल. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते मावत नाही.

इंटेलची अधिकृत संदर्भपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, हजारो पृष्ठांची आहे, आणि 'मूळ ग्रंथच वाचा' अशी शिफारस काही जाणकार करतात. शंका आली की ती उघडावीच. पण मोल्सवर्थचा कोश अथपासून इतिपर्यंत वाचून कोणी मराठी बोलू लागल्याचे ऐकिवात नाही.

लिहिणे की वाचणे?

ब्रायंट व ओहॅलरन या कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापकांचा संगणकप्रणालीवरील ग्रंथ (पहिली आवृत्ती २००३, तिसरी २०१६) या चर्चेची दिशाच बदलतो. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात विद्यार्थी असेंब्ली लिहीत नाही. सी भाषेतील प्रोग्रॅमचे कंपायलरने केलेले असेंब्ली रूपांतर वाचतो. त्याला जोडलेल्या प्रसिद्ध 'बॉम्ब' प्रात्यक्षिकात मूळ संहिता न देता तयार प्रोग्रॅम हाती दिला जातो आणि त्याचे यंत्रभाषेतील अंतरंग वाचून सहा टप्प्यांत तो निकामी करावयाचा असतो. असेंब्ली आज लिहिण्यापेक्षा वाचण्याची भाषा अधिक आहे, हा या ग्रंथाचा सिद्धान्त मला बिनतोड वाटतो. सदोष प्रोग्रॅमचा माग काढणारा, संगणकसुरक्षेत काम करणारा आणि प्रोग्रॅमची गती वाढवू पाहणारा, या तिघांनाही वाचताच यावे लागते.

२०१२ मध्ये मॅट गॉडबोल्ट यांनी सुरू केलेल्या 'कंपायलर एक्स्प्लोरर'मुळे हे वाचन एखाद्या तासिकेतही शक्य झाले आहे. डावीकडे सी, उजवीकडे असेंब्ली. शून्यापासून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या अंकांची बेरीज करणारे आवर्तन लिहून क्लँग या कंपायलरला सुधारणेची सूचना द्यावी. उजवीकडून आवर्तन नाहीसे होते व जागी बेरजेचे बीजगणिती सूत्र येते. शाळेत गणिताच्या शिक्षकाने सांगितलेली युक्ती यंत्राने वापरलेली पाहून मागच्या बाकावरचेही पुढे सरकतात. मात्र येथे यंत्राची अवस्था दिसत नाही, केवळ संहिता दिसते. म्हणून हे साधन दुसऱ्या टप्प्यावर द्यावे, पहिल्या नव्हे.

पहिल्या टप्प्यासाठी ८०८५ हवा असेल तर श्रीधर रत्नकुमार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'ग्नूसिम८०८५' हा मुक्त सिम्युलेटर किटपेक्षा अधिक उपयुक्त आहे. एकेक आज्ञा चालवीत रजिस्टर, ध्वज व स्मृती एकाच पडद्यावर पाहता येतात. दिवे पेटण्याचे सुख तेथे नाही, हे मान्य. शक्य असल्यास सत्रातील एक प्रात्यक्षिक तरी किटवर, खऱ्या पोर्टला खरे दिवे जोडून घ्यावे.

८०८५ सोडायचाच असेल तर त्याची जागा रिस्क-फाइव्हने घ्यावी असे मला वाटते. बर्कली येथे २०१० साली सुरू झालेली ही मुक्त आज्ञासंहिता आपल्यापासून दूर नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' व सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर तिच्यावरच आधारलेले आहेत. पॅटरसन व हेनेसी यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची रिस्क-फाइव्ह आवृत्ती २०१७ साली निघाली. मिसुरी स्टेट विद्यापीठात तयार झालेल्या 'मार्स' सिम्युलेटरपासून विकसित झालेला 'रार्स' तिच्यासाठी विनामूल्य आहे. विशेष म्हणजे या रचनेत हातच्याचा ध्वजच नाही. हातचा आला की नाही हे प्रोग्रॅमरने स्वतः विचारायचे : आलेली बेरीज मिळविलेल्या अंकांपैकी एकापेक्षा लहान आहे का? असेल तर हातचा एक. त्यासाठी एक तुलनेची आज्ञा पुरते. ८०८५ वर जे यंत्राने आपल्यासाठी जपून ठेवले होते ते येथे तर्काने मिळवावे लागते. दोन्ही रीती लागोपाठच्या दोन तासिकांत दाखविल्या तर विद्यार्थी 'यंत्र असेच असते' या समजुतीतून बाहेर येतो आणि 'ते असे का केले?' हे विचारू लागतो.

पुस्तक कोणतेही लावले तरी प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय ते वाचले जाणार नाही. ऑपकोडचा तक्ता प्रश्नपत्रिकेसोबतच छापून द्यावा. पाठांतराचे जे गुण त्यामुळे मोकळे होतील ते अशा प्रश्नांना द्यावेत : पुढील सहा आज्ञांनंतर ए रजिस्टरमध्ये व हातच्यात काय असेल ते प्रत्येक ओळीपुढे लिहा, किंवा, पुढील प्रोग्रॅम २५५ पर्यंत बरोबर उत्तर देतो व ३०० ला ४४ म्हणतो, त्याचे कारण सांगा. असे प्रश्न काढण्यास शिक्षकाला वेळ लागतो, तपासण्यास त्याहून अधिक लागतो, आणि मार्गदर्शिकेत त्यांची उत्तरे छापता येत नाहीत.